विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’मागे दडलेला कंट्रोलर, रांजणगाव-कुरकुंभमध्ये तो बदलतात कसा?

शिरूर असो वा दौंड, सेतू केंद्राबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दोन शब्द तोंडपाठ असतात : सर्व्हर डाऊन. सातबारा काढायचा असो, पीक विम्याचा अर्ज भरायचा असो की बँकेत पासबुक छापून घ्यायचे असो, खिडकीतून उत्तर एकच येते. पण प्रत्येक वेळी सर्व्हरच बंद असतो असे नाही. कधी नेटवर्क तुटलेले असते, कधी संकेतस्थळावर एकाच वेळी लाखभर लोक आलेले असतात. आणि कधी कधी सर्व्हर ठणठणीत असतो, त्याच्यामागचा माहितीचा साठा मात्र हाताला लागत नसतो. हा साठा सांभाळणाऱ्या यंत्रणेला ‘स्टोरेज’ म्हणतात आणि त्या स्टोरेजचा कारभार पाहणारा भाग म्हणजे ‘कंट्रोलर’. वहीएवढ्या आकाराचा, पत्र्याच्या ट्रेमध्ये बसवलेला हा सर्किट बोर्ड बिघडला तर तो चालू यंत्रणेतून काढून दुसरा बसवावा लागतो. हे काम ऐकायला पंख्याचा कपॅसिटर बदलण्याइतके सोपे वाटते. जगातील काही मोठ्या संस्था मात्र अशाच ‘साध्या’ दुरुस्तीत तासन्‌तास बंद पडल्या आहेत.

कंट्रोलर म्हणजे नेमके काय?

घरातल्या संगणकात एक डिस्क असते आणि ती थेट त्या संगणकाला जोडलेली असते. कारखाना, बँक किंवा रुग्णालयात असे चालत नाही. तिथे दहा-वीस सर्व्हर असतात आणि त्या सगळ्यांचा डेटा एका सामायिक कपाटात ठेवलेला असतो. या कपाटात चोवीस, अठ्ठेचाळीस किंवा शेकडो डिस्क असतात. कोणत्या सर्व्हरला कोणती जागा द्यायची, एखादी डिस्क मेली तर तिच्यावरची माहिती उरलेल्या डिस्कवरून पुन्हा कशी उभी करायची, कोणती माहिती सारखी लागते म्हणून ती वेगवान मेमरीत ठेवायची, हे सगळे ठरवतो तो कंट्रोलर. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते, स्वतःचे सॉफ्टवेअर असते. थोडक्यात, तो स्वतःच एक संगणक आहे.

डिस्क बिघडणे ही रोजची गोष्ट मानली जाते. तिच्यासाठी राखीव डिस्क आत बसवूनच ठेवलेली असते आणि पुष्कळदा कुणाला कळायच्या आत ती कामाला लागते. कंट्रोलर त्या मानाने क्वचित बिघडतो. म्हणूनच तो बदलण्याचा सराव फार थोड्यांना असतो.

मग एकाऐवजी दोन कंट्रोलर कशासाठी?

केडगावच्या कांदा बाजारात एका काट्यावर दोन कारकून बसले आहेत, अशी कल्पना करा. पहिला कारकून वजन स्वतःच्या वहीत लिहितो, लगेच दुसऱ्याला सांगतो, दुसरा ते आपल्या वहीत उतरवतो, आणि मगच शेतकऱ्याला ‘नोंद झाली’ असे सांगितले जाते. मोठी खतावणी नंतर सावकाश भरली जाते. पहिला कारकून मध्येच चक्कर येऊन पडला तरी दुसऱ्याच्या वहीत सगळी वजने असतात, काटा थांबत नाही.

स्टोरेजमध्ये नेमके हेच घडते. सर्व्हरने पाठवलेली माहिती थेट डिस्कवर न जाता आधी कंट्रोलरच्या वेगवान मेमरीत, म्हणजे ‘कॅश’मध्ये येते. तिची प्रत त्याच क्षणी जोडीदार कंट्रोलरच्या कॅशमध्ये जाते. दोन्हीकडे पोहोचली की सर्व्हरला पोच मिळते. डिस्कवर ती काही वेळाने उतरते. वीज गेली तर कॅशमधली माहिती जाऊ नये म्हणून प्रत्येक कंट्रोलरला छोटी बॅटरी किंवा कपॅसिटर असतो. तेवढ्या विजेवर ती माहिती एका फ्लॅश चिपवर उतरवून ठेवता येते.

दोन्ही कंट्रोलर एकाच पेटीत, एकमेकांच्या खाली-वर किंवा शेजारी बसवलेले असतात. प्रत्येक सर्व्हरपासून दोघांकडेही स्वतंत्र केबल जाते. एक रस्ता बंद झाला तर दुसऱ्याने जायचे, हे सर्व्हरमधले सॉफ्टवेअर ठरवते.

एक बंद पडला तर लोकांना कळते का?

कळू नये, अशी रचना असते. एक कंट्रोलर गेला की काही सेकंदांत दुसरा त्याचे सगळे काम अंगावर घेतो. कारखान्यातल्या ऑपरेटरला फार तर स्क्रीन क्षणभर अडकल्यासारखी वाटते.

मात्र इथून पुढे दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे वेग. आता जोडीदार नाही, म्हणजे कॅशची दुसरी प्रत नाही. अशा वेळी अनेक यंत्रणा आपणहून सावध होतात आणि माहिती डिस्कवर प्रत्यक्ष उतरल्याशिवाय पोच देत नाहीत. त्यामुळे लिहिण्याचा वेग घसरतो. एरवी पटकन निघणारे बिल रेंगाळू लागते, रात्रीचे हिशेब सकाळपर्यंत लांबतात. ‘सिस्टीम स्लो आहे’ अशा तक्रारी येऊ लागतात आणि पुष्कळ ठिकाणी बिघाडाचा पहिला पत्ता लागतो तो या तक्रारींमधूनच. पेटीवरचा पिवळा दिवा दोन दिवसांपासून लागलेला असतो, पण सर्व्हर रूममध्ये कुणी गेलेलेच नसते.

दुसरी गोष्ट भाराची. दोन्ही कंट्रोलर एरवी निम्मे-निम्मे काम करत असतील तर एकावर सगळा भार पेलतो. पण कारखाना वाढला, नवी सॉफ्टवेअर आली, आणि प्रत्येकावर ७० टक्के भार झाला असेल तर? उरलेल्यावर १४० टक्क्यांचे ओझे येते. कागदावर दोन कंट्रोलर, प्रत्यक्षात दोघांशिवाय भागत नाही, अशी ही अवस्था. ती आधी कुणी मोजलेली नसते, बिघाडाच्या दिवशीच उघड होते.

शिरूर-दौंडला याचे विशेष काय?

शिरूर तालुक्यात पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावची पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. मोटारी, घरगुती उपकरणे, इलेक्ट्रॉनिक्स असे मोठे कारखाने इथे आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर केला. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे. याशिवाय साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, रुग्णालये आहेत. यांपैकी अनेकांचा डेटा आता क्लाउडवर गेला असला तरी यंत्रांशी थेट जोडलेली माहिती बऱ्याच कारखान्यांत आवारातच ठेवतात. उत्पादनाच्या ओळीवर दर काही सेकंदांनी एक नोंद होते, तिच्यासाठी इंटरनेटवर अवलंबून राहणे परवडत नाही.

प्रश्न असतो तो सुट्या भागाचा. हा कंट्रोलर बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळत नाही. ज्या कंपनीची यंत्रणा, त्याच कंपनीच्या गोदामातून, त्याच मॉडेलचा भाग यावा लागतो. तो किती वेळात यायचा हे वार्षिक देखभाल करारात लिहिलेले असते. ‘पुढील कामकाजाच्या दिवशी’ हा स्वस्त करार, ‘चार तासांत’ हा महाग. दोन्हींत बारीक अक्षरांत बरेच काही असते. चार तासांची सेवा अनेकदा गोदामापासून ठरावीक अंतरातच मिळते. शिवाय चार तास कशाचे, हेही पाहावे लागते : तंत्रज्ञ येण्याचे, भाग येण्याचे, की यंत्रणा पूर्ववत होण्याचे? काही करारांत घड्याळ तक्रार केल्यापासून नव्हे, तर कंपनीने दूरवरून तपासणी करून ‘भाग बदलावा लागेल’ असे ठरवल्यापासून सुरू होते.

‘पुढील कामकाजाचा दिवस’ ही भानगड तर पुणे जिल्ह्यात आणखी गुंतागुंतीची. इथल्या अनेक औद्योगिक पट्ट्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, पुरवठादाराच्या कार्यालयात ती शनिवार-रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी कंट्रोलर गेला तर कारखान्याचे दोन पूर्ण दिवस एकाच कंट्रोलरवर जातात आणि भाग सोमवारी येतो.

अंतर म्हणाल तर रांजणगाव पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर. पण वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, शिक्रापूर या टप्प्यांत वाहतूक अडली की पन्नास किलोमीटरला किती वेळ लागेल, हे त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला सांगायला नको. एकाच गटाचा एक कारखाना रांजणगावला आणि दुसरा कुरकुंभला असेल तर राखीव भाग एका ठिकाणी ठेवून भागत नाही असेही दिसते. मधला रस्ता शिरूर, न्हावरे, चौफुला असा जातो आणि उसाच्या हंगामात त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते.

भाग आला, लगेच बदलायचा का?

नाही. खरे काम इथे सुरू होते. घाई झाली तर नुकसानही इथेच होते.

पहिला प्रश्न : कंट्रोलरच बिघडला आहे ना? पिवळा दिवा लागला म्हणजे बोर्ड गेला असे नव्हे. केबलच्या टोकाचा प्रकाश पाठवणारा छोटा मॉड्यूल, मेमरीची एखादी पट्टी, कॅशची बॅटरी, किंवा नुसती सैल झालेली केबल, यांपैकी काहीही असू शकते. म्हणून यंत्रणेतील सगळ्या नोंदी गोळा करून उत्पादक कंपनीच्या तज्ज्ञांकडे पाठवतात. अनेक यंत्रणा तर बिघाड होताच स्वतःच कंपनीला कळवतात.

ऑस्ट्रेलियाच्या करविभागाचे उदाहरण इथे बोलके आहे. १२ डिसेंबर २०१६ रोजी तिथली स्टोरेज यंत्रणा कोसळली आणि सुमारे एक पेटाबाइट डेटाला फटका बसला. विभागाने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालात ताणल्या गेलेल्या फायबर केबलचे कारण पुढे आले. लाखो डॉलरची यंत्रणा, आणि दुखणे केबल कशी वाकवली त्यात.

दुसरा प्रश्न : उरलेला कंट्रोलर खरोखर तंदुरुस्त आहे का? आणि प्रत्येक सर्व्हर त्याच्यापर्यंत पोहोचतो का? हा प्रश्न बाळबोध वाटतो. पण पाच वर्षांपूर्वी बसवलेल्या यंत्रणेत कुणीतरी कधीतरी एखादी केबल दुसऱ्या कामासाठी काढलेली असते. एखादा नवा सर्व्हर घाईत एकाच कंट्रोलरला जोडलेला असतो. सगळे सुरळीत असताना हे दिसत नाही. त्यामुळे एकेका सर्व्हरवर जाऊन दुसरा रस्ता चालू आहे का हे पाहावे लागते. वीस सर्व्हर असतील तर वीस वेळा.

तिसरा : बॅकअप आहे का, आणि तो उघडतो का? दोन कंट्रोलर आणि राखीव डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे संगणक विभागाला व्यवस्थापनापुढे वारंवार सांगावे लागते. चुकून पुसलेली फाईल दोन्ही कंट्रोलर सारख्याच तत्परतेने पुसतात.

मग वेळ ठरते. कंट्रोलर चालू यंत्रणेतच बदलता येतो, हे कंपनीच्या माहितीपत्रकात ठळक छापलेले असते आणि ते खरेही आहे. तरी अनुभवी लोक तिसरी पाळी संपण्याची किंवा सुट्टीच्या दिवसाची वाट पाहतात. दौंड जंक्शनवर पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे असेल तर गाडी फलाटावर उभी असते; तो वेळ वाचावा म्हणून तर पुढे दौंड कॉर्ड लाईन आली. इथे मात्र गाडी धावत असतानाच इंजिन बदलायचे आहे. निदान ती हळू धावत असताना बदलावे, एवढीच अपेक्षा.

प्रत्यक्ष बदल कसा होतो?

आधी नव्या भागाचा क्रमांक, मेमरीचा आकार आणि पोर्टचा प्रकार जुन्याशी जुळवून पाहतात. काही कंपन्यांचा नवा कंट्रोलर रिकामा येतो : मेमरी, बॅटरी आणि पोर्टची कार्डे जुन्यातून काढून नव्यात बसवायची असतात. हे तंत्रज्ञाला माहीत नसेल तर अर्धा तास खोका शोधण्यात जातो.

त्यानंतर यंत्रणेला आज्ञा देऊन बिघडलेला कंट्रोलर रीतसर कामातून मुक्त केला जातो. तो अर्धवट जिवंत असेल, मध्येच उठत आणि मध्येच पडत असेल, तर हे फार महत्त्वाचे. पूर्ण मेलेल्या कंट्रोलरपेक्षा असा धडपडणारा अधिक त्रास देतो, कारण जोडीदाराला दर वेळी त्याचे काम घ्यावे आणि परत द्यावे लागते.

आता सगळ्यात साधी आणि सगळ्यात धोक्याची पायरी : योग्य कंट्रोलर ओळखणे. पेटीच्या मागे दोन अगदी सारखे ट्रे असतात. स्क्रीनवर ‘ए’ खराब दाखवतो. पण मागून पाहताना ‘ए’ वरचा की खालचा, डावीकडचा की उजवीकडचा? चुकून चांगला ओढला तर काही क्षणांत सगळे सर्व्हर आंधळे होतात. म्हणून बहुतेक यंत्रणांत ओळख दिवा असतो. स्क्रीनवरून आज्ञा दिली की त्या ट्रेवरचा दिवा लुकलुकतो. दोन माणसे असतील तर एक स्क्रीनवर, दुसरा पेटीमागे, आणि दोघे मोठ्याने बोलून खात्री करतात. पंख्यांच्या आवाजात ओरडावेच लागते.

केबल काढण्यापूर्वी प्रत्येकीवर चिठ्ठी लावतात आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. फायबरच्या टोकांना टोपणे लावतात, कारण धुळीचा बारीकसा कणही प्रकाशाची वाट अडवतो. हाताला अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा पट्टा बांधतात. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत, स्वेटर घातलेल्या माणसाच्या बोटातून बोर्डला बसणारा झटका त्याला जाणवतही नाही आणि चिप मात्र जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन महिन्यांनी जाते.

मग खिट्टी उघडून ट्रे बाहेर. इथून वेळ मोजायला हवा. कंट्रोलरची जागा उघडी राहिली की थंड हवा तिथूनच निघून जाते आणि उरलेल्या भागांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून काही कंपन्यांच्या पुस्तिकेत जागा किती मिनिटे रिकामी ठेवायची याची मर्यादा दिलेली असते. नवा ट्रे सरळ रेषेत आत ढकलायचा, खिट्टी पूर्ण लागेपर्यंत. जोर देऊन तिरका ढकलला आणि मागची एखादी पिन वाकली तर बदलायचा भाग कंट्रोलर राहत नाही, अख्खी पेटी होते.

यानंतरचा टप्पा म्हणजे थांबणे. नवा कंट्रोलर सुरू होतो, त्याच्यात वेगळ्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर असेल तर अनेक यंत्रणांत तो जोडीदाराकडून तीच आवृत्ती उतरवून घेतो, पुन्हा सुरू होतो. काही रचनांत यंत्रणेची ओळख पेटीत जपलेली असते, त्यामुळे सर्व्हरना बदल कळतही नाही. काहींत नव्या कंट्रोलरचा क्रमांक वेगळा असतो आणि डिस्कची मालकी त्याच्या नावे करून द्यावी लागते. या काळात दिवे कधी पिवळे, कधी हिरवे होतात, स्क्रीन काहीच दाखवत नाही आणि जवळ उभा असलेला व्यवस्थापक विचारतो, ‘झाले का?’ अशा वेळी ट्रे पुन्हा बाहेर काढून बसवण्याचा मोह होतो. सॉफ्टवेअर लिहिले जात असताना असे केले तर नवा कंट्रोलरही निकामी होऊ शकतो.

शेवटी कॅशची दुहेरी प्रत पुन्हा सुरू झाली का, प्रत्येक सर्व्हरचे दोन्ही रस्ते उघडले का, हे तपासून काम नव्या कंट्रोलरकडे परत दिले जाते. तंत्रज्ञाच्या कागदावर सही त्यानंतर व्हायला हवी. ती अनेकदा आधीच होते.

‘नेहमीच्या’ दुरुस्तीने बँक कशी बंद पडली?

सिंगापूरच्या डीबीएस बँकेचा प्रसंग या क्षेत्रात अजूनही सांगितला जातो. ३ जुलै २०१० रोजी बँकेच्या स्टोरेज यंत्रणेतील अंतर्गत संपर्कात अस्थिरता असल्याचा इशारा आला. यंत्रणा सांभाळण्याचे काम आयबीएमकडे होते. बँकेचे कामकाज तेव्हा पूर्णपणे चालू होते. दुहेरी व्यवस्था आपले काम करत होती. अभियंत्याने केबल बदलली. दुसऱ्या दिवशी इशारा पुन्हा आला. पुन्हा केबल काढून बसवण्यात आली. ५ जुलैच्या पहाटे, तीनच्या सुमारास, आणखी एकदा केबल बदलण्याचे काम सुरू असताना संपूर्ण यंत्रणाच बंद पडली.

सोमवारची सकाळ होती. एटीएम बंद, शाखांतील संगणक बंद. सेवा पूर्ववत व्हायला साधारण सात तास लागले. बँकेचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी पीयूष गुप्ता यांनी ग्राहकांना पत्र लिहून घटनाक्रम सांगितला : मूळ बिघाड किरकोळ होता, बंद पडण्याचे कारण दुरुस्तीची चुकीची पद्धत हे होते. अभियंत्याला दूरच्या मदत केंद्रातून जी कृती सांगण्यात आली ती त्या प्रसंगासाठी योग्य नव्हती. सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेने डीबीएसला जोखमीपोटी सुमारे २३ कोटी सिंगापूर डॉलरचे जादा भांडवल बाजूला ठेवायला लावले.

रांजणगावच्या सर्व्हर रूममध्येही चित्र फारसे वेगळे नसते. पेटीजवळ एक तरुण अभियंता, कानाला फोन, पलीकडे दुसऱ्या शहरातला किंवा देशातला तज्ज्ञ, आणि मध्ये अधूनमधून तुटणारा आवाज. सूचना लेखी, त्या मॉडेलच्या आणि त्या आवृत्तीच्या आहेत का, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला असतो. विचारणारे कमी.

मुंबईत २०२१ मध्ये काय घडले?

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० वाजता राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबवण्यात आले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी ३.४५ वाजता आणि त्या दिवशी बाजार ५ वाजेपर्यंत चालवावा लागला. तिथे कंट्रोलर बदलण्याचे काम सुरू नव्हते. पण कारण स्टोरेजपाशीच येऊन थांबले. मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्या अस्थिर झाल्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाहिन्या असूनही. मार्गावरच्या खोदकाम आणि बांधकामामुळे त्या तुटल्याचे बाजाराने नंतर सांगितले. अशा वेळी मुख्य केंद्रातील स्टोरेजने एकट्याने काम चालू ठेवायला हवे होते. तसे झाले नाही, ते सर्व्हरना उपलब्धच राहिले नाही. खरेदी-विक्रीची यंत्रणा सुरू होती, पण जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडल्याने व्यवहार थांबवणे भाग पडले.

यातून नियमही बदलले. सेबीने मार्च २०२१ मध्ये परिपत्रक काढून महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पर्यायी केंद्रातून सुरू करावे, असे बाजारांना बजावले.

कारखान्यांना असे बंधन नाही. तिथे हा आकडा कुणी ठरवलेला नसेल तर तो बिघाडाच्या दिवशी ठरतो.

कुरकुंभच्या हवेचा काय संबंध?

थोडा तांत्रिक, पण महत्त्वाचा मुद्दा. इलेक्ट्रॉनिक बोर्डवर तांबे आणि चांदी असते. गंधकयुक्त वायू हवेत असतील तर या धातूंवर हळूहळू थर चढतो आणि शेजारच्या दोन रेषा जोडल्या जाऊ शकतात. शिसे टाळण्याचे युरोपीय नियम २००६ पासून लागू झाल्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या बोर्डांचा वापर वाढला आणि ही तक्रारही वाढली. त्यामुळे रासायनिक वसाहतीत, सांडपाणी प्रक्रियेजवळ किंवा मळीच्या टाक्यांजवळ सर्व्हर रूम असेल तर नुसते वातानुकूलन पुरत नाही. हवेतील गंज मोजण्याची सोपी पद्धत उपलब्ध आहे : तांब्याची आणि चांदीची छोटी पट्टी महिनाभर खोलीत ठेवायची आणि तिच्यावर किती थर बसला ते प्रयोगशाळेत तपासायचे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा आणि चांदीवर २०० पेक्षा कमी थर असेल तर हवा सौम्य मानतात. एकाच खोलीत वर्षात दुसऱ्यांदा कंट्रोलर बदलायची वेळ आली तर पुरवठादाराशी भांडण्याआधी ही पट्टी लावून पाहणे स्वस्त पडते.

विजेचेही तसेच. पेटीला दोन पॉवर सप्लाय असतात, पण दोन्हीच्या वायर एकाच यूपीएसच्या पट्टीत खोचलेल्या असतील तर दोन असून उपयोग नाही. वळवाच्या पावसात वीज गेली की ते कळते.

साध्या माणसाला यात काय पाहता येईल?

सातबारा १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा झाला, ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. ही माहिती तालुक्याच्या गावी साठवलेली नसते. शिरूर किंवा दौंडच्या खिडकीतला कर्मचारी फक्त तिच्याकडे पाहत असतो. त्यामुळे त्याच्यावर चिडून उपयोग नसतो. मुदत असलेल्या अर्जाच्या बाबतीत मात्र ‘सर्व्हर डाऊन’ दाखवणाऱ्या पानाचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट आणि असेल तो पावती क्रमांक जपून ठेवावा. मुदतवाढ मागताना तोच पुरावा असतो. पैसे खात्यातून गेले आणि पावती आली नाही, तर पुन्हा लगेच भरू नये. पोच अडकलेली असते, व्यवहार अनेकदा झालेला असतो.

जुन्या कंट्रोलरचे काय होते?

तो कारखान्यात राहत नाही. करारानुसार बिघडलेला भाग ठरावीक दिवसांत कंपनीला परत करावा लागतो, नाहीतर त्याची किंमत लावली जाते. नव्या भागाच्याच खोक्यात, त्याच फोममध्ये तो परत जातो. पण त्याच्या फ्लॅश चिपवर वीज गेली तेव्हा उतरवलेली माहिती असू शकते. रुग्णालय किंवा पतसंस्थेसाठी ही किरकोळ बाब नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे आणि डेटा सांभाळण्याची जबाबदारी तो ज्याने गोळा केला त्याच्यावर टाकतो. म्हणून काही संस्था जादा पैसे भरून जुना भाग स्वतःकडेच ठेवण्याची सोय करारात घेतात. इतर ठिकाणी भाग मिटवून, अनुक्रमांक नोंदवून, फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या वहीत ‘परत न येणारा माल’ अशी नोंद करून बाहेर जातो. खोक्यावर सही कुणाची, हे त्या वहीतच सापडते.